नर्सिंगला चार ओळी पुरत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपण बारावीनंतरच्या वाटा सांगणारी पुरवणी काढलीत. माझ्या भाचीची मुलगी यंदा बारावी झाली, म्हणून मी ती जपून ठेवली आणि संध्याकाळी त्यांच्याकडे घेऊन गेले. मुलीला चांगले मार्क आहेत आणि तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचं आहे, कुणी सांगितलं म्हणून नाही, तिच्या मनानं. पुरवणीत इंजिनिअरिंगला सबंध पान, मेडिकलला अर्धं पान, स्पर्धा परीक्षांना दोन चौकटी आणि नर्सिंगला चार ओळी होत्या. ‘सेवाभावी वृत्तीच्या मुलींसाठी उत्तम पर्याय’ आणि ‘परदेशात मोठी मागणी’ याखेरीज त्या चार ओळींत काही नव्हतं. तिच्या वडिलांनी त्या मोठ्यानं वाचल्या आणि पुरवणी बाजूला ठेवत म्हणाले, “बघ, एवढंच आहे यात.”

पोरीचा चेहरा उतरला, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत होते. माण तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून १९८१ साली एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाले. अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून लागले, परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर, म्हणून ३१ मे २०२१ ला निवृत्त झाले. आम्ही वीस जणी होतो. पांढरी साडी, डोक्यावर टोपी आणि महिन्याला विद्यावेतन. त्यातलं निम्म्याहून जास्त मनिऑर्डरनं घरी जायचं. आम्ही दर चार-पाच वर्षांनी भेटतो. एका भेटीत मी वही काढली आणि प्रत्येकीला म्हटलं, कामाचं काय काय केलंस ते सांग, मी लिहून घेते. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर, “मी काय केलं? ड्युटी केली.” दुसऱ्या फेरीपासून गोष्टी बाहेर यायला लागल्या. त्यातल्या काही आपल्याला सांगते.

जत तालुक्यातली आमची एक मैत्रीण मेळघाटात धारणी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अकरा वर्षं होती. बदली मागितली असती तर मिळाली असती, तिनं मागितली नाही. तिथल्या आदिवासींची कोरकू भाषा शिकली, कारण दुभाष्याकडून कळ विचारता येत नाही असं तिचं म्हणणं. एका पावसाळी रात्री पाड्यावर बाळंतपण झालं, वार पडली आणि रक्त थांबेना. गर्भाशय सैल पडलं की असं होतं, आणि अशा वेळी हातात मिनिटं असतात, तास नसतात. इंजेक्शन देऊन झालं, तरी धार चालूच. तिनं एक हात आतून आणि एक पोटावरून लावून गर्भाशय दोन्ही हातांत दाबून धरलं आणि तशीच जीपमध्ये चढली. धारणीच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता कसा होता हे त्या भागात राहिलेल्यांना सांगायला नको. हात आखडला की केंद्रातली मावशी तिचं मनगट धरून जोर द्यायची. बाई वाचली. मी विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, “भीती वाटायला हात मोकळा कुठं होता?” या अनुभवाला आपण सेवाभाव म्हणाल, पण आधी ते ज्ञान आहे. कुठं दाबायचं, किती दाबायचं, कधीपर्यंत सोडायचं नाही, हे तिला येत होतं म्हणून ती बाई आज आजी झाली.

दुसरी सांगलीकडची. हिच्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण हिचं काम कुठल्याच अहवालात सापडणार नाही. एचआयव्हीच्या काळात तिची नेमणूक प्रसूती विभागात होती. नव्वदच्या दशकात आमच्या भागात या आजाराची दहशत किती होती हे आज सांगूनही पटत नाही. नातेवाईक ताट खाटेखाली सरकवून निघून जायचे. पुढं आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्याचा कार्यक्रम आला. आईला कळा सुरू झाल्या की नेव्हिरॅपिनची एक गोळी, आणि बाळाला जन्मल्यापासून बहात्तर तासांच्या आत त्याच औषधाचे थेंब. एवढं केलं की रजिस्टरमधला रकाना भरायचा. पण बाळ खरंच सुटलं का, हे अठरा महिन्यांनी तपासणी केल्यावर कळायचं. त्याआधी आईच्या अंगातली प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) बाळाच्या रक्तात असतात, म्हणून साधी चाचणी फसवते. आणि अठरा महिन्यांनी बायका परत यायच्या नाहीत. त्यांतल्या कितीतरी ऊसतोडीच्या, बीडकडून टोळीबरोबर आलेल्या, गाळप संपलं की गावी परतणाऱ्या.

हिनं स्वतःची एक डायरी केली. त्यात बाईचं नाव नाही, फक्त एक खूण, बाळाची जन्मतारीख, मुकादमाचं गाव आणि तिथल्या ओळखीच्या दुकानाचा फोन. पुढच्या हंगामात कारखाना सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी ही कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांवर, जायची. आजाराचा शब्दही काढायचा नाही. मुकादमाला सांगायची, “त्या बाईच्या लेकराचा डोस राहिलाय, उद्या दवाखान्यात पाठवा.” घरच्यांना संशय येऊ न देता बाईला आणायची, बाळाची तपासणी करवायची. रिपोर्ट निगेटिव्ह आला की डायरीत हिरव्या शाईची टिकली. ती डायरी मी हातात घेऊन पाहिली आहे. टिकल्या किती ते तिनं मला मोजू दिलं नाही. म्हणाली, “ज्यांच्यापुढं टिकली नाही, तीही पानं आहेत.” अशा बाईला कुणी करिअर विचारलं तर ती काय सांगणार? नोकरीच्या पुस्तकात तिच्या नावापुढं फक्त वेतनवाढी आहेत.

तिसरी कुवेतला गेली. ‘परदेशात मोठी मागणी’ म्हणता, ती त्या काळीही होती. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या तेव्हा ती ड्युटीवर होती. बाळंतिणींना आणि काचेच्या पेटीतल्या बाळांना युद्ध सुरू झालंय हे समजत नाही, त्यामुळं ड्युटी चालूच राहिली. सप्टेंबरात बसनं बगदादमार्गे अम्मानला, तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला. त्या वेळी याच वाटेनं लाखाहून जास्त भारतीय परत आणले गेले, त्यातली ती एक. येताना हातात एकच पिशवी आणि पिशवीत तिचं नोंदणी प्रमाणपत्र. दागिने सोडले, तो कागद सोडला नाही. १९९२ साली पुन्हा गेली. वडिलांनी गहाण टाकलेली पाच एकर जमीन तिनं सोडवली, दोन भावांची शिक्षणं केली. मोठा भाऊ गावात मान्यवर म्हणून व्यासपीठावर बसतो. त्याच्या फीचे पैसे कुठून आले, हे मात्र त्या व्यासपीठावरून मी अजून ऐकलेलं नाही.

पगाराबद्दल आपण उघड लिहावं, त्यात लाज कसली? फक्त पूर्ण लिहावं. आज जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-टू पातळीची, म्हणजे कामकाजात सफाईनं बोलता येईल एवढी, जर्मन भाषा यावी लागते. आमच्या गल्लीतली एक मुलगी नाइट करून आल्यावर सकाळी अकराला क्लासला बसते आणि जर्मन व्याकरणाचे तक्ते न्हाणीघराच्या दारावर चिकटवते. मागणी आहे म्हणून कुणी उचलून नेत नाही.

आमच्यातली चौथी पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंग शिकवणारी, झाली. नोकरी करत पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग मुंबईला एसएनडीटीच्या लीलाबाई ठाकरसी महाविद्यालयातून एम.एस्सी., आणि पन्नाशीनंतर पीएच.डी. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आज राज्यात जिकडेतिकडे आहेत. मी स्वतः आजारी पडून एका खासगी रुग्णालयात होते, तेव्हा सलाईन लावायला आलेल्या मुलीनं शीर शोधताना आधी हात चोळून गरम केले. मी विचारलं, कुणाची विद्यार्थिनी? तिनं हिचंच नाव घेतलं. थंड हात लागला की शीर आक्रसते, हे वर्गात सगळ्याच सांगतात, पण दहा वर्षांनीही मुलीच्या हातात ते टिकेल असं सांगणारी विरळा.

पाचवीनं तीन वर्षांत नोकरी सोडली. सासरी नाइट ड्युटी चालणार नव्हती. भेटीला ती यायलाच तयार नसायची, “मी काहीच केलं नाही” म्हणून. तिच्या सासूबाईंना पक्षाघात झाला आणि त्या आठ वर्षं अंथरुणाला होत्या. आठ वर्षांत एक बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्री दोनला, पहाटे चारला, चादरीला सुरकुती राहू न देणं, टाच आणि माकडहाड रोज उजेडात बघणं. दिवसाला बारा वेळा म्हटलं तरी आठ वर्षांत पस्तीस हजार वेळा होतात. हा हिशेब मी वहीत करून तिला दाखवला तेव्हा ती रडली. यशस्वी माणसांच्या यादीत तिचं नाव कुणी घालणार नाही. माझ्या वहीत आहे.

बेडसोअरचं हे महत्त्व सांगायला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांचं उदाहरण पुरेसं आहे. त्या स्वतः परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली त्यांच्या दयामरणाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं तेव्हा अंगावर बेडसोअर नव्हता. न्यायालयानं निकालपत्रात तिथल्या कर्मचाऱ्यांचं मनापासून कौतुक केलं. तेव्हाच्या बातम्या दयामरणाच्या बाजूनं आणि विरोधात लिहिलेल्या मी सगळ्या वाचल्या. पण अरुणाताईंना ज्यांनी पाहिलंही नव्हतं अशा नव्या मुली पाळीनं येऊन त्यांना भरवत होत्या, कूस बदलत होत्या. अशी परंपरा एखाद्या वॉर्डात पिढ्यान् पिढ्या चालते, ती कशी चालते, कोण कुणाला शिकवतं, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही.

तसंच मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या अतिरेकी हल्ल्याच्या रात्री त्यांनी वीस गर्भवतींना वॉर्डाच्या टोकाच्या छोट्या पँट्रीत हलवलं, दिवे बंद केले. पुढं कोर्टात कसाबला ओळखलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं आपली साक्ष मांडली. सगळ्यांनी त्यांना धाडसी म्हटलं, त्या आहेतच. पण त्याच गोळीबारात रक्तदाब वाढलेल्या एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा ‘हिला थांबवून चालणार नाही’ हे ओळखून त्यांनी तिला भिंतीच्या आधारानं प्रसूतिगृहात नेलं. वीस बायका लपवून ठेवायच्या आणि एकीला बाहेर काढायचं, हा निर्णय धाडसाबरोबर अभ्यासातून येतो. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईला आकडी येऊ शकते हे ज्याला माहीत नाही, त्यानं तिलाही तिथंच बसवून ठेवलं असतं.

माझ्या स्वतःच्या कामातलं एक सांगते. पाऊस होता, बालरोग विभागात नाइट होती. हृदयाचा दोष असलेलं सात महिन्यांचं मूल. केसपेपरवर डिगॉक्सिन लिहिलेलं, हृदयाचे ठोके मंदावणारं औषध. आमचा नियम असा की हे औषध देण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, आणि तान्ह्या बाळाचे शंभरच्या खाली असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. ठोके ठीक होते. औषध सिरिंजमध्ये ओढायला लागले तर हिशेबानं दहा मिली निघालं. माझ्या हाताला एक मिलीची सवय. पुन्हा केसपेपर पाहिला. दशांशचिन्हानंतरचं एक शून्य राहून गेलं होतं, ०.०५ मिलिग्रॅमच्या जागी ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट, झालं होतं. ज्या तरुण डॉक्टरांनी लिहिलं होतं ते तीस तास झोपलेले नव्हते. त्यांना उठवलं तेव्हा ते आधी चिडले, “लिहिलंय तसं द्या ना सिस्टर.” मी म्हटलं, “सर, मी देणार नाही. तुम्ही एकदा बघा.” त्यांनी पाहिलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. दुरुस्ती केली, सही केली. सकाळी मी पुढच्या पाळीला ओव्हर दिली, घरी आले, पोराचा डबा भरला. त्या बाळाच्या आईला काहीच कळलं नाही, आणि कळण्यासारखं काही घडलंही नाही.

आमच्या कामाची हीच अडचण आहे, संपादक महाशय. शस्त्रक्रिया झाली की ती दिसते. न झालेला बेडसोअर, न दिलेला चुकीचा डोस, अठरा महिन्यांनी न सापडलेला विषाणू, यांचा फोटो निघत नाही. म्हणून दरवर्षी १२ मे ला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, सगळीकडे हातात दिवा घेतलेल्या मुलींचा एकसारखा फोटो छापून येतो आणि खाली ‘सेवेची मूर्ती’ असं लिहिलेलं असतं. मूर्ती शिकत नाही, मूर्तीला पगारवाढ लागत नाही आणि मूर्तीला मत विचारायची गरज नसते. आम्ही शिकलेल्या बायका आहोत.

आणि बायकाच कशाला? माझा पुतण्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.एस्सी. नर्सिंगचा पदवीधर आहे, चार वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र सगळं. आज तो एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सुरुवातीला गावातले लोक म्हणायचे, “सिस्टर कधी येणार?” आता “ब्रदरना विचारून येतो” म्हणतात. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांची तोंडं तो टॉर्च लावून तपासतो. गालाच्या आतला पांढरा चट्टा, जो पुढं कर्करोग होऊ शकतो, दिसला की माणसाला स्वतःच्या गाडीवर बसवून तालुक्याला नेतो. चिठ्ठी दिली तर माणूस जात नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं. ‘मुलींसाठी’ हा शब्द आपण छापता तेव्हा अशा मुलांच्या आईबापांना शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात.

आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञही असेच. एका मामांनी आयुष्यभर क्षयरोगासाठी थुंकीचे नमुने पाहिले. एक काचपट्टी निगेटिव्ह म्हणायची तर शंभर जागा बघून मगच, मागं कितीही गर्दी असो. त्यांच्यावर पत्र लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

करोनाबद्दल थोडंच लिहिते. माझ्या नोकरीचे शेवटचे चौदा महिने त्यात गेले. आमच्या वीस जणींतली एक पहिल्या लाटेत गेली. निवृत्तीला तिला सात महिने होते. तिच्याबद्दल बातमी आली होती, ‘करोना योद्धा’ म्हणून, नाव चुकलं होतं. ती अतिदक्षता विभागात वीस वर्षं होती आणि व्हेंटिलेटरचा अलार्म ऐकून, न बघता, कुठल्या खाटेला काय झालंय ते सांगायची. बातमीत हे असायला हवं होतं. ते आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं.

माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या पुरवणीत नर्सिंगला आणि बाकीच्या आरोग्य शाखांना नीट जागा द्या. सीईटी कशी असते, नोंदणी कुठं होते, अधिपरिचारिकेपासून अधिसेविकेपर्यंत, म्हणजे मेट्रनपर्यंत, वाट कशी जाते, अध्यापनात कसं जाता येतं, पुण्याच्या एएफएमसीमधून, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, नर्सिंग केलेली मुलगी लेफ्टनंट म्हणून सैन्यात कशी जाते, हे लिहा. कंत्राटी नेमणुका, अपुरी पदं, एका सिस्टरमागं दोन-दोन वॉर्ड हेही लिहा, पोरांना सगळं कळू द्या. आणि यशोगाथेच्या सदरात वर्षातून दोन-चार वेळा तरी एखादी परिसेविका, एखादी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका, एखादा तंत्रज्ञ येऊ द्या. त्यांना ‘तुम्हाला या क्षेत्रात का यावंसं वाटलं’ असं विचारू नका, सगळ्यांचं उत्तर एकच असतं, घरची गरज. ‘काल रात्री ड्युटीवर काय झालं’ असं विचारा.

येत्या सप्टेंबरात आम्ही राहिलेल्या एकोणीस जणी कराडला भेटणार आहोत. आपला प्रतिनिधी पाठवायचा असेल तर दुपारी तीननंतर पाठवा, जतची दुपारच्या एसटीनं येते. डायरी दाखवायची की नाही ते सांगलीची ठरवेल. माझी वही मात्र टेबलावर असेल, आणि भाचीच्या मुलीला मी बरोबर घेऊन जाणार आहे. तिच्या वडिलांनाही बोलावलं आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
वाई, जि. सातारा